राबाच्या धुराची तक्रार

भाऊ,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. तुमचं टेबल माझ्या उजव्या हाताला होतं; काही सांगायचं असलं की नुसती खुर्ची वळवायची. तुम्ही नीट ऐकून घ्यायचात असंही नाही. पेन्सिलीला टोक करत ‘बोल, बोल, मी हाय’ म्हणायचात आणि लक्ष सगळं त्या टोकाकडे. तुम्हाला जाऊन आता पंधरा वर्षं होत आली. मी सरकारी नोकरीत आहे, माझ्या हाताखाली सहा माणसं आहेत आणि त्यातलं एकही पेन्सिल वापरत नाही. आज जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले आणि मी डबा न उघडता कागद पुढे ओढला. कशासाठी ते सांगते, पण आधी मागचं सांगू द्या, नाहीतर मला धीर व्हायचा नाही.

मी तुमच्या ऑफिसात लागले तेव्हा भिवंडीच्या बाहेर फारसं काही पाहिलं नव्हतं. वडील लूमवर, आई घरी सुताच्या कांड्या भरायची, आणि आमच्या गल्लीत लूम बंद पडले की शांततेनं माणसांची झोप मोडायची. मी डिप्लोमा करून ठाण्याच्या त्या नगररचनेच्या खाजगी ऑफिसात कॉम्प्युटरवर नकाशे काढायला आले. तुम्ही हातानं काढणारे शेवटचे ड्राफ्ट्समन. सगळ्यांना वाटलं, आपलं जमणार नाही. पण पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला तुमच्या स्कूटरवर मागे बसवून घरी सोडायला लागलात, कारण वाट एकच होती. कशेळीच्या पुलावर ट्रकांमागे गाडी अडकली की तुम्ही इंजिन बंद करायचात आणि माझी परीक्षा सुरू. ‘हे गोदाम दिसतं ना? त्याच्या आदी हितं काय व्हतं?’ मला काय ठाऊक! ‘मिठागर. आन त्याच्या बाजूला?’ मी म्हणायची, भाऊ, मला भूक लागली आहे. ‘भूक सगल्यांना लागते. बाजूला भात व्हता.’ तेव्हा मला त्या परीक्षेचा इतका कंटाळा यायचा की पुलावर गर्दी नसावी म्हणून मी देवाला हात जोडायची. आज तो पूल ओलांडताना मी आपोआप मनातल्या मनात उत्तरं देत जाते.

मग ते पार्कचं काम आलं. खारबावच्या पुढे, तुमच्या गावाशेजारच्या गावाच्या माळावर, काचेच्या दोन इमारतींचं टेक्नॉलॉजी पार्क होतं, त्याला वाढायचं होतं. कुठल्या बाजूनं वाढावं, किती वाढावं, कुठल्या अटींवर वाढावं, याचं धोरण आणि नकाशा आपण करून द्यायचा होता. मोठ्या साहेबांनी सुरुवातीलाच एक गोष्ट ठणकावून सांगितली होती: भाताच्या जमिनीला हात लावायचा नाही. विस्तार होईल तो फक्त पडीक आणि वरकस जमिनीवर. वरकस म्हणजे सातबाऱ्यावर ज्या उताराच्या, गवताच्या, हलक्या जमिनीला वरकस म्हणतात ती. मला ते ऐकून साहेबांचा फार अभिमान वाटला होता. शेतकऱ्याचं ताट राखून कंपनीला जागा द्यायची, यात कुणाला काय खोट दिसणार?

पाहणी एप्रिलच्या सुरुवातीला ठरली आणि नेमके तेव्हाच तुम्ही रजेवर गेलात. दरवर्षी जायचात, आठ दिवस, अर्जावर ‘घरगुती काम’ एवढंच. मी एकटीच बोर्डाला गावनकाशा लावून, डोक्यावर टोपी घालून माळ फिरले. खाली भाताची खाचरं कापणीनंतर कोरडी पडलेली. वर उतारावर वाळलेलं गवत, फांद्या छाटून बोडकी केलेली ऐनाची झाडं, आणि खाचरांच्या वरच्या कडेला जागोजागी काळे, जळलेले चौकोन. आमच्या गल्लीच्या टोकाला लूमच्या चिंध्या जाळायचे, तिथली जमीन अगदी अशीच दिसायची. मी माझ्या अकलेप्रमाणे सगळ्या माळाला पडीक जमिनीचा रंग दिला, आणि त्या चौकोनांवर बारीक रेघा मारून खाली सूचीत लिहिलं, ‘कचरा जाळण्याची जागा’. तुम्ही रजेवरून परत आलात तेव्हा नकाशा छापून गावात गेलासुद्धा होता.

ग्रामसभा देवळाच्या मंडपात होती. नकाशा दोरीवर टांगला होता, ग्रामसेवक काठी लावून एकेक रंग वाचून दाखवत होते. तुम्ही मागे खांबाला टेकून उभे. ‘कचरा जाळण्याची जागा’ असं वाचल्यावर पाड्यावरची एक बाई, माझ्याच वयाची असेल, कडेवरचं मूल खाली ठेवून पुढे आली. तिनं एका चौकोनावर बोट ठेवलं. “ही माजी जागा हाय. म्या हितं कवा कचरा जालला?” मग मंडपात जे हसू फुटलं! एक म्हातारे बाबा डोळे पुसत म्हणाले, “म्हंजे आमी जल्मभर कचराच खाल्ला म्हना की.” माझे कान तापले. काय चुकलंय हेही मला कळत नव्हतं, नुसतं चुकलंय एवढं कळत होतं. मी म्हणाले, “ते कॉम्प्युटरनं चुकीचं घेतलं.” बाबा शांतपणे म्हणाले, “कम्प्युटर आलता व्हय माळावर? मना त तूच दिसलीस, टोपी घालून.” पुन्हा हशा. ती बाई मात्र हसली नाही. ती त्या नकाशाकडे बघतच राहिली, कारण तिच्या चौकोनाच्या वरच्या माळावरून पार्कच्या विस्ताराची लाल रेघ गेली होती.

परतताना कशेळीला गर्दी होती तरी परीक्षा नाही. शेवटी मीच म्हणाले, भाऊ, रागावलात का? तुम्ही मान न वळवता बोललात, “कचरा लिवलास, त्याचा राग न्हाय मना. तुला कोनी दावलंच न्हाय, तर तुला कलनार कसं? पन चार मान्सांम्होरं उबी ऱ्हाऊन तू यंत्रावर ढकललंस. तशी बोट दावनारी मोप हायेत आपल्या ऑफिसान. तू कनाला?” मला आयुष्यात पुष्कळ जणांनी बोलून घेतलं आहे, वरिष्ठांनी, सासूनं, एकदा तर एका आमदारानं. त्या सगळ्यांचं विसरले. तुमचं ते ‘तू कनाला’, म्हणजे तू कशाला, अजून ऐकू येतं, आणि त्यात रागापेक्षा तुमची माझ्याबद्दलची अपेक्षाच जास्त होती, हे मला लग्न होऊन स्वतःची मुलं झाल्यावर समजलं.

त्या रविवारी पहाटे तुम्ही मला तुमच्या गावी बोलावलंत. तुमच्या भावाचा एक राब भाजायचा राहिला होता. मी सलवार-कमीज, डोळ्यांना गॉगल; तुम्ही गंजीफ्रॉक आणि गुडघ्यावर खोचलेलं धोतर, आणि तोंडभर काजळी. तुम्हाला ऑफिसातल्या इस्त्रीच्या शर्टात बघायची सवय, मी ओळखलंच नाही आधी. त्या दिवशी मला तुमचं दरवर्षीचं ‘घरगुती काम’ दिसलं. खाचराच्या वरच्या तुकड्यावर आधी शेणाचा थर, त्यावर माळावरून छाटून आणलेल्या फांद्या, त्यावर सुका पाला, मग गवत, आणि वर मूठमूठ माती, जाळ भडकू नये म्हणून. पेटवायचं वाऱ्याच्या उलट्या बाजूनं, म्हणजे आग धावत नाही, सावकाश सरकते आणि जमीन खोलवर भाजते. तण मरतं, राख मुरते, आणि पावसाळ्यात तिथंच भाताची रोपं जोमानं वर येतात, तीच उपटून मग खालच्या सगळ्या खाचरांत लावायची. मी विचारलं, मग फांद्या, पाला, गवत हे सगळं येतं कुठून? तुम्ही कोयत्यानं वरच्या माळाकडे दाखवलंत. “त्या पडीकातून,” म्हणालात, आणि मिशीतल्या मिशीत हसलात.

मग आपण तुमच्या घरी स्वयंपाकघरात बसलो; तुमच्या मंडळींना मी काकी म्हणायची. मी दोनदा तोंड धुतलं तरी काकींनी पदरानं माझ्या कानामागची काजळी पुसली. तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी, आणि तुमच्यावर तोंडसुख. “ऑफिसान सायेब, घरान राखोंडी. पोरीला कनाला आनलंस रं एवढ्या धुरान?” तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, “तिना माजा भात कचऱ्यान टाकला व्हता.” काकी इतक्या हसल्या की तव्यावरची भाकरी करपली, आणि ती करपलेली तुम्ही मुकाट्यानं खाल्लीत. जेवता जेवता तुम्ही मला साहेबांच्या धोरणातली खोट एका वाक्यात सांगितलीत. भात ठेवून वरकस काढून घेणं म्हणजे ताट ठेवून चूल उचलून नेणं. मला रडूच आलं. साहेबांचा अभिमान वाटला होता ना, त्याचं. आणि ती पाड्यावरची बाई नकाशाकडे अशी का बघत होती, तेही तेव्हा कळलं. लाल रेघ तिच्या खाचराला शिवतसुद्धा नव्हती. कागदावर तिचं काहीच जात नव्हतं, आणि दोन वर्षांत तिच्या घरातला भात संपणार होता.

पुढचे दहा दिवस आपण त्या बाईला बरोबर घेऊन माळ पालथा घातला. मी तिला ताई म्हणायला लागले, ती मला म्याडम म्हणायची ती आजतागायत. कुठल्या खाचराचा राब कुठे, आणि कुठल्या राबाचा पाला माळाच्या कुठल्या भागातून, ती न अडखळता सांगायची, आणि मी गावनकाशावर खुणा करायची. पण एवढ्या खुणांतून साहेबांना काय दिसणार? कॉम्प्युटरवर रेघा काढल्या तर नुसतं जाळं झालं. तेव्हा मी आईकडून सुताच्या दोन भरलेल्या कांड्या मागून आणल्या. तुम्ही मोठा नकाशा लाकडी फळीवर डकवलात, आणि आपण प्रत्येक खाचराला एक टाचणी, त्याच्या राबाला दुसरी, त्याच्या माळाला तिसरी, असं करत सूत ओढत गेलो. गाठी मी मारायची, लूमवाल्याची मुलगी म्हणून तो मान माझा. ‘बरी गाठ हाय तुजी, सुटायची न्हाय,’ एवढंच म्हणालात, पण भाऊ, तुमच्या तोंडून तेवढं म्हणजे काय ते मला माहीत होतं.

साहेब फळीपुढे येऊन उभे राहिले. मी आधी सरळ सांगून टाकलं, कचऱ्याची चूक माझी होती, कॉम्प्युटरची नव्हती. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात, पण तुमचे कान इकडेच होते. साहेब म्हणाले, आता कोण राब करतं, चार वर्षांत सगळे युरिया टाकतील. तुम्ही एरवी साहेबांना उलट उत्तर देत नसायचात. त्या दिवशी म्हणालात, “साहेब, टाकतील तर टाकतील, ते त्यांचं त्यांनी ठरवावं. आपण उंटावरून शेळ्या हाकायला नको.” साहेबांनी एक टाचणी उपटली. तिचं सूत सैल पडून खालच्या खाचरावर लोंबलं. त्यांनी ती टाचणी परत होती तिथे टोचली आणि मला लिहून घ्यायला सांगितलं. भातखाचराशी जोडलेली वरकस जमीन त्या खाचराचाच भाग मानावी. पार्कच्या विस्तारात ती घेऊ नये. त्याऐवजी पार्कला आहे त्याच जागेवर वाढीव चटईक्षेत्र द्यावं. थोडक्यात, आडवं पसरू नका, उभे वाढा. माळ विकायची स्वप्नं पाहणाऱ्या काहींनी तुम्हाला शिव्या घातल्या, त्यात तुमचे एक मेहुणेही होते. पण ते कलम मंजूर झालं, आणि तसं छापून आल्यावर तुम्ही मला कॅनव्हासचे बूट आणून दिलेत. एक नंबर मोठे. चालून पाय सुजतात म्हणे! मी दोन मोजे घालून ते फाटेपर्यंत वापरले.

यापुढचं तुम्हाला माहीत नाही. तुम्ही निवृत्त झालात, तिसऱ्या वर्षी गेलात. मी तेव्हा परीक्षा देऊन सरकारी खात्यात लागले होते, नाशिकला ट्रेनिंगमध्ये होते, बातमी कळली तेव्हा तुमचे दिवस होऊन गेले होते. काकींना भेटले, पण धड रडलेसुद्धा नाही, त्याच मला समजावत बसल्या. मग बदली होऊन मी इकडे आले आणि पार्कच्या अटींचं पालन बघणं माझ्याच टेबलावर आलं. पार्क उभं वाढलं होतं, चौदा मजले. आणि पहिल्याच एप्रिलमध्ये त्यांच्या देखभाल विभागाचं पत्र. ‘आमच्या सीमेला लागून अज्ञात इसम कचरा जाळत असून धुरामुळे आगीचे अलार्म वारंवार वाजत आहेत, तरी तातडीने कारवाई करावी.’ भाऊ, मी एकटीच मोठ्यानं हसले, शिपाई आत डोकावून गेला. कचराच लिहिलं होतं हो त्यांनी! मी उत्तर लिहिलं. तो कचरा नाही, राब आहे. राब म्हणजे काय, ते असं. कलम अमुक पाहावे. अलार्मची जागा बदलावी.

तेव्हापासून दरवर्षी हेच. तिथला मॅनेजर वर्षाच्या आत बदलतो, नवा आला की एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तक्रार येतेच, कधी पत्र, कधी ईमेल. एकदा एक बंगळुरूचा मॅनेजर फारच तणतणला, तर मी त्याला माळावर नेलं. ताईनं त्याच्या हातात पाल्याची पाटी दिली आणि म्हणाली, “टाका सायेब, उबं ऱ्हाऊन काय व्हतंय.” त्यानं टाकला बिचाऱ्यानं, बुटांसकट. माझ्या हाताखालच्या पोरी मला चिडवतात, मॅडमचा सण आला म्हणतात. खरंच सणासारखं वाटतं मला. उत्तराचा मसुदा तयार असतो, तरी मी तो दरवर्षी नव्यानं लिहिते, आणि राबाचं वर्णन करताना एखादी ओळ जास्तच लिहून जाते, तुम्ही वाचणार असल्यासारखी. तक्रार आली म्हणजे धूर आला, धूर आला म्हणजे ताईनं यंदाही राब भाजला, इतकं सरळ होतं ते.

यंदा तक्रार आली नाही. एप्रिल गेला. मी रोज आवक नोंदवही मागवते, ईमेल उघडते. आता मे संपत आला आहे. नवी यंत्रं बसवली असतील, धूर आत जात नसेल, असं मी स्वतःला सांगते. नाहीतर नवा मॅनेजर इथलाच असेल, राब ओळखणारा. असूही शकतो ना? पण ताईचे गुडघे गेल्या वर्षीच गेले होते. राब भाजता भाजता दोनदा खाली बसली. मी म्हणाले, मुलाला बोलाव मदतीला, तर म्हणाली, “त्याची ड्युटी असते म्याडम, पार्कात. सून बी तिथंच, कँटीनला. सुट्टी न्हाय देत. फुडल्या सालचं फुडल्या साली बगू.” त्या पोरांना मी तरी काय बोलणार? माझे वडील मला लूमवर ये म्हणाले असते, तर मी गेले असते का? त्या कलमात आपण जमीन राखली, भाऊ, अगदी गाठ मारून राखली. तिच्यावर पाला वाहून नेणारं माणूस कसं राखायचं, हे मला तेव्हा सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर तुम्हालाही सुचलं नव्हतं.

ताईचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. या पंधरवड्यात पाच-सहा वेळा काढला आणि ठेवून दिला. लावला तर ती उचलेल, आणि विचारलं तर ती खरं तेच सांगेल. तुम्ही काही सांगणार नाही, म्हणून तुम्हाला लिहीत बसले आहे.